मी, ३८९९१२७

३ मार्च, सकाळी
निवृत्तीला अठ्ठावीस दिवस. छत्तीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासले, आणि निरोपसमारंभात साहेब काय म्हणणार? मनमिळाऊ. मागच्या तिघांनाही हेच चिकटवलं होतं.
आज ओळखपत्र पुसताना नंबर नीट पाहिला. ३८९९१२७. मूळ संख्या असणार! एक आणि स्वतः सोडून कुणानेही भाग न जाणारी. अगदी माझ्यासारखी. समारंभात सिद्ध करून दाखवीन. मेहुणाही येणार आहे. कॉलेजात गणित शिकवतो म्हणून पंचवीस वर्षं नाकाने कांदे सोलतोय.

३ मार्च, संध्याकाळी
१९७३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. वर्गमूळाच्या पुढे गरज नाही. २, ३, ५ वगळले. पोरासोरांचे आकडे. सातपासून २९५ भागाकार, रोज अकरा, हाताने. कॅल्क्युलेटर आळशांसाठी.
बायको विणत होती. म्हणाली, अहो, तीनने बघा की, नुसती आकड्यांची बेरीज करायची. म्हटलं, तू तुझे टाके मोज.

११ मार्च
सर्दी. सहा दिवस शून्य भागाकार. उद्यापासून रोज वीस.

१९ मार्च, ऑफिसात
कॅल्क्युलेटर वापरतोय. तत्त्व सोडलेलं नाही, वेळ कमी आहे. टायपिस्टबाईंनी विचारलं, याचा उपयोग काय? असल्या प्रश्नांमुळेच हे खातं मागे पडलं.

२९ मार्च
१९७३ झाला. बाकी ४७९. एकानेही भाग गेला नाही! डोळे भरून आले. बायकोला दिसू दिलं नाही. भाषणाचा शेवट ठरला: मला कुणी फोडू शकलं नाही.

३१ मार्च, संध्याकाळी
साहेब मनमिळाऊच म्हणाले. मी फळ्यावर नंबर लिहिला आणि सव्वीस मिनिटं बोललो. शेवटच्या वाक्यावर मेहुणा पहिल्या रांगेतून हळूच म्हणाला, भावोजी, बेरीज एकोणचाळीस होते, तीनने भाग जातो. टायपिस्टबाईंनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. टाळ्या पडल्या. त्याला. मग शिपायाने ओळखपत्र मागितलं, जमा करावं लागतं म्हणे.

१ एप्रिल
तीनने भागलं. १२९९७०९. हीच खरी मूळ संख्या! तीन म्हणजे नुसतं वरचं साल. मेहुण्याला फोन लावला. म्हणाला, हो, मूळच आहे, बरोबर एक लाखावी, कुठल्याही यादीत सापडेल.
फोन ठेवला. बायकोला विचारलं, तुला माहीत होतं तर पुन्हा का बोलली नाहीस? म्हणाली, महिनाभर तुम्ही साहेबांना शिव्या न घालता जेवत होतात.
स्वेटर माझ्यासाठी होता. घातला. बाह्या, गळा, उंची, कुठेच कमीजास्त नाही. छत्तीस वर्षं मापं तपासली, काही खोट सापडते का बघत बसलो.
टाके मोजलेले होते.