जगणारा शो

बाबा, तुमच्या त्या ट्रकवाल्याच्या पिक्चरचा सातवा भाग उद्या लागतो आहे आणि आम्ही तो बघणार नाही. आम्ही म्हणजे कोराडीच्या वीज प्लांटच्या वसाहतीतली तीस-चाळीस माणसं, ज्यांनी आजवर त्याचा एकही पहिला शो चुकवला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिसरा भाग नुकताच येऊन गेला होता. त्यानंतर पिक्चर काढणाऱ्या कंपनीने त्याचं काय काय केलं ते तुम्हाला माहीत नाही, आणि तेच बरं आहे. चौथ्यात तो दरीत पडून मेला, पाचव्यात त्याचा जुळा भाऊ निघाला. मग त्याच्या बालपणाचा वेगळा पिक्चर, व्हिलनच्या तरुणपणाचा वेगळा, आणि लहान मुलांसाठी कार्टून, त्यात तर ट्रकच बोलतो. सहाव्यात तो पुन्हा मेला. आता सातव्याच्या जाहिरातीत राखेतून उठून उभा राहतो. ती जाहिरात आम्ही मोबाइलवर एकत्र बघितली. प्लांटमधून रिटायर झालेले आमचे एक काका आहेत, ट्रकवाल्याच्या पहिल्या शोसाठी सख्ख्या भावाच्या वरातीतून पळून आलेले. तेच म्हणाले, "मेलेल्या माणसाले किती वेळा उठवतेत हे? आपण काहून जाचं?" तिथेच ठरलं.

नुसतं घरी बसून कंपनीला काय कळणार, म्हणून उद्या नव्याच्या पहिल्या शोच्या वेळेलाच आम्ही वसाहतीच्या हॉलमध्ये पहिला भाग लावतो आहोत. टॉकीजच्या ऑपरेटरची पोरगी म्हणून मशीन माझ्याकडे. मशीन कसली, लॅपटॉप आणि टेबलावरचा प्रोजेक्टर. आमच्या चाहता मंडळाची अध्यक्ष मीच, त्यामुळे बैठकीत सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच बोलले. म्हटलं, तो पहिल्या भागात मेला, तोच खरा शेवट. तो शेवट पुरा दाखवू, एक मिनिटही न कापता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला एकदम तुम्ही आठवलात. जीभ चावली मी.

आई गेली त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. शाळा सकाळची, घरी कोणी नाही, म्हणून दुपारी बाराच्या शोला मी टॉकीजच्या केबिनमध्ये तुमच्याजवळ असते. केबिन तापलेली, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांचा जळका वास, तुम्ही बनियनवर, आणि मी रिळाच्या रिकाम्या पेटीवर उभी राहून चौकोनी भोकातून पडदा बघते आहे. डब्यात ज्वारीची भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. शेवटच्या रिळात ट्रकवाला शाळेची बस वाचवतो, मुलं हात हलवतात, तो हसतो, ट्रक पुलावर चढतो. आणि तुम्ही मशीन बंद करता, पडदा ओढता, दिवे लावता. मला वाटतं पिक्चर एवढाच. खाली बसलेल्यांनाही तसंच वाटतं. पुलावर पुढे काय होतं ते तुम्ही आदल्या दिवशी ट्रायल घेताना बघून ठेवलं होतं. घरात एक मरण झालं होतं, पोरीला दुसरं दाखवायचं नाही, एवढंच तुमच्या डोक्यात.

पण तीन, सहा आणि नऊच्या शोला, मी शेजारच्या काकूंकडे गेले की, तुम्ही पिक्चर पुरा दाखवत होता. मग काय, लोकांची भांडणं लागली. एक म्हणे मेला, दुसरा म्हणे या डोळ्यांनी पाहिलं, पूल चढून गेला. बाया येऊन गेटकीपरला विचारू लागल्या, "भाऊ, जगणारा शो कोणता?" बाराचा शो भरायला लागला तेव्हा मालकांना संशय आला आणि ते जिना चढून केबिनमध्ये आले. "पिक्चर तू बनवला का गा?" तुम्ही कपड्याला हात पुसत म्हणालात, "नाही जी. माही पोरगी बसते इथं." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा हळू म्हणाले, "पोरीले दुसरीकडे बसव. लोकायले पुरा दाखव." दुसऱ्या दिवसापासून मी बाराच्या शोलाही काकूंकडेच बसू लागले. केबिन का सुटली ते मला कोणी सांगितलं नाही.

खरं काय ते वर्गातल्या एका पोरीने सांगितलं. ट्रकवाला मेला म्हणाली, म्हणून मी तिला कंपासपेटी फेकून मारली आणि रडत घरी आले. तुम्ही भाकरी थापत होता. मी विचारलं, "बाबा, तो मेला का?" तुम्ही भाकर तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणालात, "माह्या मशीनवर तर नाही मेला वं." मी ओरडले, "खोटारडे आहात तुम्ही. आईच्या वेळीही सावनेरले मामाकडे गेली म्हणून सांगतलं होतं." तुम्ही पिठाच्या हातांनी तसेच खाली बसलात. भाकर करपली. त्या शब्दांची माफी मी कधी मागितली नाही, बाबा, मागायला हवी होती.

तीन वर्षांनी दुसरा भाग आला आणि ट्रकवाला नदीतून जिवंत बाहेर निघाला. तुम्ही सायकल नीट उभीही न करता घरात शिरलात. "पाह्य, मी म्हणलो होतो ना तुले?" आईनंतर तुम्हाला इतकं खूश मी पहिल्यांदा पाहत होते, म्हणून मीही हसले. आता कंपनीला शिव्या घालताना मधेच वाटतं, त्याला पहिल्यांदा जगवलं कोणी? आमच्या बाबांनीच की. पण तुम्ही थोडं कमी दाखवलंत, आणि एकीसाठी. यांना कुठे थांबायचं तेच कळत नाही.

मंडळात सगळ्यांना वाटतं, पहिला भाग मला पाठ आहे. डायलॉग पाठ आहेतच. पण तो शेवट मी आजवर एकदाही बघितलेला नाही. टीव्हीवर लागला आणि ट्रक पुलावर चढला की मी चहा ठेवायला उठते. तो तिकडे मेला की त्याला जगवणारा तुमचा मशीनवरचा हातही नाहीसा होईल, असं काहीतरी वाटत राहतं. आज दुपारी हॉलमध्ये ट्रायल घेतली. बस वाचली, मुलांनी हात हलवले, ट्रक पुलावर चढला आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं.

उद्या पुरा दाखवीन, लोकांना शब्द दिला आहे. उभं राहायला रिळाची पेटी नाही, पण खुर्चीवर बसून राहीन आणि चहाला उठणार नाही. हे पत्र लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवते. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. दुपारी मी बंद केलं तेव्हा मागे खुर्च्या लावत असलेल्या काकांनी विचारलं, "ताई, बंद काहून केलं? शेवट राहिला ना." आणि तुम्हाला खोटारडे म्हणणारी मी त्यांना म्हणाले, मशीन गरम झाली.