सहावी मूठ

।। श्री कानबाई माता प्रसन्न ।।

मी, सुकलाल झिपरू महाजन, वय एकोणपन्नास, धंदा यंत्रमाग मास्तर, राहणार पर्वत पाटिया, सुरत, मूळ गाव पारोळा तालुक्यातले, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे, मला कोणी धमकावलेले नाही आणि हा कागद मी चष्मा लावून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. देवीच्या मनात असेल तर घरी येऊन हा कागद मीच फाडीन. नसेल तर माझ्यामागे यातला शब्द न् शब्द पाळावा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे कुटुंब. माझी पत्नी रुक्मिणी चार वर्षांपूर्वी वारली. मला एकच मुलगी, निशा. ती लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम करते. मला मुलगा नाही. हे वाक्य माझा धाकटा भाऊ गजेंद्र गेली वीस वर्षे माझ्या वतीने सगळ्यांना सांगत आला आहे, म्हणून एकदा मीही लिहून टाकतो.

कलम २. माझे घर. पर्वत पाटियाजवळच्या सोसायटीतले दुमजली घर माझ्या एकट्याच्या मालकीचे आहे. दस्तावेज माझ्या नावाचा आहे. ते मी टांझानियातल्या कमाईतून बांधले. तळमजल्यावर गजेंद्र, त्याची पत्नी सरलाबाई आणि त्यांची मुले राहतात, ती मी राहू दिली म्हणून. मी परदेशी असताना गजेंद्रने महानगरपालिकेत जाऊन वेराबिलावर आपले नाव चढवले. घरपट्टीच्या बिलावर नाव आल्याने कोणी घराचा मालक होत नाही, हे वकिलांनी त्याला माझ्यासमोर समजावले आहे.

हे संपूर्ण घर माझ्यामागे निशाचे.

कलम ३. हे असे का, ते सांगण्यासाठी मला एका परक्या देशाच्या सैन्याबद्दल लिहावे लागेल. आमच्या वकील मयुरीताई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात टांझानियाचं सैन्य कुठून आलं? रजिस्ट्रार हसेल."

मी म्हणालो, "हसू द्या. हसायला तरी पूर्ण वाचेल."

मी अकरा वर्षे त्या देशात सरोवराकाठच्या म्वांझा शहरात एका कापड गिरणीत मास्तर होतो. फाटकावर मासांजा नावाचे पहारेकरी होते. ते निवृत्त सार्जंट. मला ते फुंडी म्हणत, म्हणजे कारागीर. मी त्यांना मझे म्हणे, म्हणजे थोरले. रविवारी मी खोलीत देवीची पूजा उरकून फाटकावर जाऊन बसे आणि ते मला आपल्या सैन्याची गोष्ट सांगत. मी खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. आफ्रिकेचा इतिहास मला त्या फाटकावर समजला.

इंग्रजांच्या काळात तिथल्या माणसांची पलटण होती, पण हुकूम गोऱ्यांचा. देश १९६१ साली स्वतंत्र झाला, पलटणीचे नाव बदलले, पण वरचे साहेब बहुतेक तेच राहिले. पगारही तुटपुंजा. जानेवारी १९६४ मध्ये शिपायांनी बंड केले, आधी राजधानीत, मग टबोरा गावच्या छावणीत. गोऱ्या अधिकाऱ्यांना पकडून बाहेर काढले. सरकारने नाइलाजाने इंग्रजांचेच सैनिक मदतीला बोलावले आणि बंड मोडले.

पुढची गोष्ट मला फार वेळा विचारावीशी वाटे. सरकार ती पलटण सुधारत बसले नाही. मोडूनच टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरात कोऱ्या पाटीवर नवे सैन्य उभे केले. सत्ताधारी पक्षाच्या तरुण संघटनेतून पोरे घेतली. सैन्याला नाव दिले जनतेचे संरक्षण दल. भूदल, नौदल, हवाई दल, आणि शिवाय राष्ट्रीय सेवा, जिथे पोरे कवायतही करतात आणि मकाही पेरतात. गावोगावी वेगळे गावरक्षक. या सगळ्यांवर एकच प्रमुख. १९७८ साली युगांडाच्या सैन्याने त्यांचा कागेरा नदीकडचा मुलूख घेतला, तेव्हा सैन्यात गावरक्षक, पोलीस, तुरुंगाचे शिपाई, सगळे भरले आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ते थेट युगांडाच्या राजधानीत पोचले. मासांजा त्यात होते. पायी गेले. "फुंडी," ते म्हणत, "मोडलेल्या पलटणीचे शिपाई कंपालापर्यंत पोचले नसते. नव्याने बांधलेली होती म्हणून पोचली."

मला ते पटले. आजही पटते. कुजलेला धागा विणकर गाठ मारून चालवत नाही, ताणाच बदलतो.

कलम ४. माझ्या घरातले बंड. आम्ही कानबाईचे रोट करतो. श्रावणात देवी बसते तेव्हा भाऊबंदांच्या घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळून रोट होतात, आणि ज्यांची मूठ त्यात आहे तेवढेच कूळ ते खाते. मूठ वगळली की माणूस कुळातून वगळला. मी म्वांझात होतो तेव्हा आमच्या घरात पुरुष सहा होते: वडील, काका, गजेंद्र, त्याचे दोन मुलगे आणि मी.

मागच्या रविवारी रोट होते. मी दवाखान्यात होतो, म्हणून निशा म्हणाली, "काका, बाबांची मूठ मी मोजते. आणि एक माझी घाला."

गजेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीनी मूठ रास् का व कधी?" म्हणजे पोरीची कधी मूठ असते का.

निशा रोट न खाता दवाखान्यात आली. त्या दिवशी तिने मला जे सांगितले ते मला नऊ वर्षे, म्हणजे परत आल्यापासून, कोणी सांगितले नव्हते. गजेंद्रने मी परदेशी असताना भाऊबंदांत पसरवले होते की भाऊने तिकडे दुसरे घर केले, देव सोडला. ती बाब खोटी आहे. म्वांझात माझ्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि देवीचा फोटो होता. पण लोकांना ते ऐकायला गोड लागले आणि दर श्रावणात माझी मूठ वगळण्याचे ठरले. माझ्या पैशाने बांधलेल्या स्वयंपाकघरात, माझ्या पत्नीसमोर. रुक्मिणीने मला फोनवर कधी कळू दिले नाही. ती गेली, आता तिला विचारताही येत नाही की हे तू एकटीने कसे गिळले.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र दवाखान्यात स्टॅम्पपेपर घेऊन आला. निशाने हक्कसोड करून द्यावी म्हणून.

"भाऊ, तू बरा होशीलच. पण कागद झालेला बरा. पोरगी उद्या परक्या घरी जाईल, घर कुळात राहिलं पाहिजे."

निशा म्हणाली, "काका, पेन आणलंय, की तेही माझंच वापरणार?"

मला नळ्या लावलेल्या होत्या, नाहीतर मी हसलो असतो.

कलम ५. म्हणून मी टांझानियाच्या सरकारसारखेच करायचे ठरवले. मयुरीताईंनी माझ्या सांगण्यावरून मसुदा टाइप केला आणि काल वाचून दाखवला: "माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गजेंद्र झिपरू महाजन याने सहकुटुंब तळमजला रिकामा करून ताबा निशा हिला द्यावा."

मी म्हणालो, "सहकुटुंब हा शब्द परत वाचा."

त्यांनी वाचला. मी म्हणालो, "थांबा."

कलम ६. मासांजांचे वडील टबोराच्या छावणीत नाईक होते. बंडाच्या दिवशी ते हिवतापाने छावणीच्या दवाखान्यात पडून होते. त्यांनी कोणा साहेबाला हात लावला नाही, बंदूकही उचलली नाही. पलटण मोडली तेव्हा तेही घरी गेले. कपडे, बूट जमा करून घेतले. कंबरेचा पट्टा कोणी मागितला नाही, म्हणून तो राहिला. मासांजा सांगत की वडील मरेपर्यंत सरकारला बोल लावत नव्हते. "पलटण मोडली ते बरोबर केलं," असेच म्हणत. फक्त दर वेळी पुढे जोडत, "कोणी एकदा विचारायला हवं होतं, की तू कुठे होतास."

मी निघालो तेव्हा मासांजांनी तो पट्टा मला दिला. "माझी मुलं शहरात गेली, ती हा विकतील," म्हणाले.

आता निशाने सांगितलेली उरलेली गोष्ट. दर श्रावणात गहू मोजायला सरलाबाई बसे. गजेंद्र सांगे, पाच पुरुष. आणि दर वर्षी सूप भरताना ती सहा मुठी घाले.

"तुले पाच मोजता येतस नही का व?"

"चुकनू मी."

"दर साले कशी चुकस?"

"शाळा कुठे शिकनू मी?"

बायका हसत. देवीसमोरचे गहू परत काढायचे नसतात, म्हणून ते तसेच दळले जात. निशा तेव्हा लहान होती, तिला वाटे काकूला खरेच मोजता येत नाही. तीच काकू सोसायटीत साड्यांना लेस लावण्याचे काम आणते आणि बारा बायकांचा हिशेब तोंडपाठ सांगते.

म्हणजे अकरा वर्षे मी कुळात होतो. मला माहीत नव्हते, कुळालाही नव्हते. देवीला होते.

सरलाबाई माझी भावसून. आमच्यात रीत अशी की ती जेठासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, पदर घेते आणि बोलत नाही. पंचवीस वर्षांत तिचा आवाज मी बहुधा भिंतीपलीकडून ऐकला आहे. मी तिला कधी काही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पण मी तिला बंडवाल्यांबरोबर घरी पाठवणार नाही.

कलम ७. म्हणून मसुद्यातले वाक्य रद्द करून असे लिहितो. घराची मालक निशा. तळमजल्यावर राहण्याचा हक्क सरलाबाई गजेंद्र महाजन हिला तिच्या हयातीपर्यंत, तिच्या स्वतःच्या नावाने. निशाला तो काढून घेता येणार नाही. गजेंद्रला या घरात कोणताही हक्क नाही. तो तळमजल्यावर राहिला तर बायकोच्या परवानगीने राहील. ती परवानगी द्यायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे, आणि त्याबाबत कोणा भाऊबंदाने तिच्याकडे जाऊन शब्द टाकू नये.

मयुरीताई म्हणाल्या, "काका, हे हाकलण्यापेक्षा कडक झालं." मी म्हणालो, तसेच राहू द्या.

कलम ८. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांची पेटी आणि कापडाचे धागे मोजायचे भिंग, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला माझा फिटर राकेश याला. बँकेतली शिल्लक निशाला. मासांजांच्या वडिलांचा पट्टा सरलाबाईला. तिने तो कपाटात ठेवावा किंवा खिळ्याला टांगावा. कोणाचा म्हणून विचारले तर सांगावे, एका माणसाचा, ज्याला कोणी विचारले नाही.

कलम ९. गजेंद्रला मी त्याने दवाखान्यात आणलेला कोरा स्टॅम्पपेपर परत देतो. तो उशीखाली आहे. त्याला मी माफ केले असे लिहा, असे कोणी मला सांगू नये. ते देवीच्या आणि माझ्यामध्ये आहे, आणि सध्या तिथेही झालेले नाही.

कलम १०. शेवटचे. माझ्यानंतर कुळाचे रोट नव्याने बसवावे. माझ्या जागी मूठ निशाची, आणि पुढे घरातल्या प्रत्येक मुलीची. ज्या भाऊबंदांना हे चालत नाही त्यांनी आपले रोट वेगळे करावे, मी त्यांना अडवत नाही. देवी बसवायची याच घरात. गहू सरलाबाईने मोजावे. ती जो आकडा सांगेल तो घरातल्या माणसांचा आकडा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशाने करावी. वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सुकलाल झिपरू महाजन

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही:

१. हसमुखभाई नागरदास राणा, शेजारी. (सही करताना म्हणाले, "सुकलालभाई, साजा थईने पाछा आवो, पछी आ फाडी नाखशुं." म्हणजे बरे होऊन परत या, मग हे फाडून टाकू. तेही नोंदवून ठेवतो.)

२. दगडू नथ्थू शिंपी, सचिन.

स्थळ: सुरत
दिनांक: ८ ऑगस्ट २०२५, श्रावण, शुक्रवार