युम कार्मोवरची तीन अक्षरं

प्रिय उर्केन,

अक्षरं मुद्दाम मोठी काढतोय, दोन ओळींत बोटभर जागा सोडून. हे पत्र नातीकडे वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव, दार्जिलिंगच्या त्या तुझ्या खिडकीशी बस आणि स्वतः वाच. तू सावकाश वाचतोस ते ठाऊक आहे मला. मलाही आज सावकाशच लिहायचं होतं, पण हात ऐकत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी छाती पहिल्यांदा कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या पोरासारखी धडधडते आहे. आपला डोंगर उघडला, उर्केन. युम कार्मो उघडली.

गेल्या मंगळवारी दुकानातल्या रेडिओवर ऐकलं. सरकारने नवी शिखरं चढाईला मोकळी केली, त्यांची नावं वाचत होते. आपली आली आणि मी अर्धा प्याला चहा तसाच ठेवून शाळेकडे सुटलो. काय करतोय हे कळायच्या आत घंटेचा दोर ओढला. सगळी पोरं बाहेर. हेडमास्तर, जो कधी काळी माझ्याकडे नाक पुसत बाराखडी शिकला, तो धावत आला. "सर, भूकंप झाला का?" मी वर बोट दाखवलं. दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "ती तर रोजच तिथेच असते." बरोबर आहे तिचं. तिला काय माहीत, की आपल्या वयाच्या माणसांना ही बाई नुसती बघायला होती, पाय ठेवायला नव्हती. तिची पाठ पलीकडच्या देशात उतरते, एवढाच तिचा गुन्हा. माथ्यावर उभं राहिलं तर एक टाच परदेशात. म्हणून आधी राजाने बंद केली, राजा गेल्यावर आलेल्यांनी बंदच ठेवली. तिच्यावर मी पोरांसाठी दोन ओळी जुळवल्या होत्या, आठवतात? 'उंच डोंगर बोलत नाही, पाणी त्याचं बोलणं आणतं. खाली बसून ऐकतो आम्ही, वरचं गाव वाराच जाणतो.' यमक चुकलंय म्हणून तू हसला होतास. लिहिता येत नव्हतं तुला तेव्हा, पण यमक बरोबर कळायचं.

आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्तिकात मला संपर्क अधिकारी केलं. एकोणतीस वर्षांचा हंगामी मास्तर, पोटदुखीने बेजार झालेल्या एका ऑस्ट्रियन साहेबाच्या तुकडीवर सरकारचा डोळा म्हणून नेमलेला, आणि तू त्याच तुकडीचा शेर्पा. परवाना शेजारच्या तासी लुङ शिखराचा, आणि कोणी युम कार्मोकडे वळत नाही ना हे बघणं माझं काम. नियमाप्रमाणे साहेबाने मला चढाईचा अख्खा पोशाख दिला होता. पिसांचं जाकीट, झोपायची पिशवी, दुर्बीण आणि ते बूट. मी त्या बुटांना तेल लावत बसायचो आणि तू येता-जाता म्हणायचास, "मास्तर, अधिकाऱ्याचे बूट डोंगरावर जात नाहीत, काठमांडूच्या बाजारात जातात." सगळा तळ हसायचा. सगळ्यांत मोठ्याने स्वयंपाकी मिङ्मार. त्याच्या करपलेल्या बटाट्याच्या पोळीवर तू गाणं रचलंस तोपर्यंत तो हसत होता. त्या दिवसापासून त्याने तुला वाढणं सोडलं आणि तू स्वतःच्या हाताने घेऊन खायला लागलास.

दुपारी वारा सुटला की आपण तंबूच्या आडोशाला बसायचो. तू काठीने बर्फात तुझ्या नावाची अक्षरं काढायचास. उ यायचा. न यायचा. मधला र्के तुला छळायचा. त्याची मात्रा टोपीसारखी उडते म्हणायचास. आठ दिवस रोज तेच. नवव्या दिवशी तुझा डावा बूट तळव्यापासून उसवला. साहेब झोपून होता, खिंडीपर्यंत दोर बांधायचं काम तुझ्या एकट्यावर आलं. मी माझे बूट काढून तुझ्यापुढे ठेवले. दोन मापं मोठे. मिङ्मारने लोकरीचे दोन बोळे आणून दिले, पुढे कोंबायला. हे तू विसरला असशील. त्याने आणून दिले होते, उर्केन.

सकाळी तू खिंडीत पोचलास, दोर बांधलास, आणि डावीकडे तासी लुङकडे जायच्या ऐवजी उजवीकडे वळलास. मी दुर्बिणीतून पाहत होतो. वाटलं, वाट चुकला. मग कळलं, चुकला नाही. वर जाताना तू एकदाही थांबून मागे बघितलं नाहीस. मी तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो, बहुतेक सातवीच्या पुस्तकातली कुठलीशी कविता. श्वास धरायला दुसरं काही नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तू माथ्यावर उभा होतास. मग खाली वाकलास, बराच वेळ. मला वाटलं नमस्कार करतोयस. संध्याकाळी परत आलास, माझे बूट झटकून माझ्यापुढे जोडीने ठेवलेस आणि कानाशी म्हणालास, "मास्तर, वर लिहून आलो. न बघता आलं. मात्रासुद्धा." तेवढंच. तुझ्या जन्मात पहिल्यांदा पूर्ण लिहिलेलं नाव, आणि ते त्या जागी.

पुढचं तुलाच जास्त ठाऊक. साहेब म्हणाला, मी झोपलो होतो, मी काही पाहिलं नाही. तरी महिन्याभरात तुझं डोंगरावर काम करायचं नोंदणीचं कार्ड गेलं ते कायमचं. तू शाळेच्या दारात येऊन म्हणालास, "मिङ्मारने बटाट्याचा सूड घेतला." तू चढून आलास त्याच आठवड्यात तो रॉकेलच्या नावाने तळावरून खाली गेला होता आणि चौकीत जमादारासमोर चहा पिताना साऱ्या गावाने पाहिला होता. कोणालाच दुसरा पुरावा लागला नाही. त्याला परत कोणत्या तुकडीने स्वयंपाकाला नेलं नाही, लग्नाकार्यात त्याचा प्याला कोणी आधी भरला नाही. तू दार्जिलिंगला रस्त्याच्या कामावर गेलास. जायच्या आधी तुझ्या कार्डासाठी अर्ज मीच लिहिला. फार सुंदर अर्ज होता तो, दोन उपमा होत्या त्यात. त्याबद्दल तू मला छुर्पीच्या सुक्या चीजची माळ आणून दिलीस. मिङ्मार गेल्या हिवाळ्यात गेला. तुला कळवलं नव्हतं.

आता नीट वाच. यादीत युम कार्मोपुढे लिहिलंय, 'अजून कोणी न चढलेलं'. स्पेनची एक तुकडी याच हंगामात तेवढ्यासाठी येते आहे. पहिली माणसं म्हणून त्यांची नावं लागतील. मला दोन रात्री झोप आली नाही. काठमांडूला शिखरांची नोंद ठेवणाऱ्या खात्यात आपल्या गावची यांजी आहे, माझी विद्यार्थिनी. तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, कागद लागतो. तोंडी विचाराल तर आपल्या गावात प्रत्येक आजोबा सगळीकडे पहिलाच चढलाय." मी म्हटलं, कागद आहे. ती म्हणाली, "असेल तर दसऱ्याच्या आत आणा, नंतर यादी पुस्तकात छापली जाते." मी जीपने दोन दिवस हाडं खिळखिळी करत गेलो. तिने जुन्या कपाटातून फाईल काढली. कडा उंदरांनी खाल्लेल्या, मधला कागद मात्र शाबूत. कार्तिकाची तारीख, वेळ अकरा वीस, बंदी असलेल्या शिखराच्या सर्वोच्च बिंदूवर एक इसम, नाव उर्केन शेर्पा, दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिला. खाली शिक्का आणि सही. यांजीने सही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. वर्गात गणित चुकलं की मी तिच्याकडे जसं बघायचो, तसं.

ती सही माझी आहे, उर्केन. मिङ्मारने त्या दिवशी चौकीत नेला तो लखोटा मीच बंद करून दिला होता. आठवड्याचा साधा अहवाल आहे म्हणून सांगितलं होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं. मला भीती वाटली होती. वाटलं, पलीकडच्या चौकीवरून कोणी पाहिलं असेल, माझी नोकरी जाईल. भीतीपायी मी सगळं अगदी खरं लिहिलं, फक्त बूट कोणाचे ते लिहिलं नाही. आज सकाळी मिङ्मारच्या बायकोकडे, दोमाकडे गेलो आणि सांगितलं. ती चुलीवर चहा ठेवत होती, तिने भांडं उतरवलं. म्हणाली, "आधी उर्केनला लिहा, मास्तर. चहा मग." म्हणून हे तिच्याच ओट्यावर बसून लिहितोय आणि ती समोर बटाटे सोलते आहे. सोबत त्या अहवालाची नक्कल आहे आणि यांजीने दिलेला जबानीचा कागद. माझी जबानी मी त्यावर लिहिली आहे, पहिल्याच ओळीत बूट आहेत आणि दुसऱ्या ओळीत मिङ्मारच्या लोकरीचे बोळे. खाली तीन अक्षरांची जागा मोकळी आहे. तू कागद चुलीत घातलास तर यादी आहे तशीच छापली जाईल आणि मला तक्रार करायचा हक्क नाही. पण जमलं तर लिही, मात्रेसकट. वर तू लिहिलेलं वाऱ्याने पुसलं, मी खाली लिहिलेलं कपाटात राहिलं. तिथे तुझ्या हाताचंही काही राहू दे.

तू ठेवून घेशील तर तुझाच,
भवनाथ मास्तर