जमिनीपासून ऐंशी मीटर

सोमवार, ३ मार्च

परत आला! ड्रोनच्या परवानगीचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला. कारण — "उंची अमान्य." बस्स, एवढंच. अमान्य म्हणजे जास्त की कमी? फोन लावला तर तेच रटाळ संगीत आणि शेवटी एक बाई — "टॉवरने अभिप्राय दिलाय मॅडम, आम्ही काही करू शकत नाही."

विमानतळाचा हा टॉवर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. विमानांना चढा-उतरा सांगणारा तिथला मुख्य माणूस आत्ता बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन पेपर वाचतोय. पण विचारायची सोय नाही. ऑफिस घरात आणायचं नाही, हा बाबांचा नियम माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे.

नकाशावर आमची अख्खी कॉलनी लालभडक. लाल म्हणजे विमानतळाची हद्द — परवानगीशिवाय ड्रोन चार बोटंही वर न्यायचा नाही. नदीपलीकडची कागद गिरणीही त्याच लालात. तिची जुनी चिमणी साठ मीटर उंच. ऐंशी मीटरवरून बघायचं, कुठे तडे गेलेत त्याचे फोटो काढायचे. एका सकाळचं काम! पण ते नीट झालं तर गिरणीचे इंजिनीअर मला त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या कारखान्यावर कायमची घेणार आहेत. राहायला खोलीसकट. माझी खोली, माझी किल्ली!

मंगळवार, ४ मार्च

लग्न मोडून इथे आले तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, महिनाभर राहीन. आता चौथं वर्ष. शाळेत असतानाचं टेबल, तेव्हाचीच खाट, पाय लांब केले की भिंत लागते. ड्रोन खोक्यात, खोकं कपाटावर. आज त्यावरची धूळ पुसली. तेवढंच काम झालं.

गुरुवार, ६ मार्च

पातेलं जळलं. बाबांना सांगून गेले होते — "दूध ठेवलंय, उकळलं की बंद करा, मी अंघोळीला जाते." नुसते "हूं" म्हणाले. बाहेर येते तर घरभर धूर, आणि हे शांतपणे नखं कापतायत! म्हणे, "तू सांगितलंच नाहीस."

आमच्या घरात असं कधी व्हायचं नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं, मग पहिल्याने "बरोबर" म्हणायचं. टॉवरवर वैमानिकांशी असंच बोलतात, ती सवय बाबांनी घरी आणली. (हे ऑफिस मात्र घरात चालतं!) लहानपणी दुकानात निघाले की दारात घोकायचे — "दुधाची एक पिशवी, दोन साबण, सुटे मोजून घ्यायचे." "बरोबर!" की मी सुटले. मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. आईसुद्धा शेवटी हॉस्पिटलमध्ये म्हणाली, "हिला एकटं पाडू नका." बाबा म्हणाले, "हिला एकटं पाडायचं नाही." आई म्हणाली, "बरोबर."

हल्ली बाबा परत म्हणतच नाहीत. नुसतं हूं. मी जाणार म्हणून फुगलेत, दुसरं काय! पण राग दुधावर काढायचा?

सोमवार, १० मार्च

तिसरा अर्ज टाकला. प्रत्येक आकडा दोनदा तपासला. उंची — ऐंशी मीटर. यात अमान्य काय आहे, देव जाणे.

इंजिनीअरांचा फोन. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. नंतर मात्र दुसरा माणूस बघावा लागेल, वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेऊ नका म्हणे!

जेवताना बाबांनी विचारलं, "कुठली गं ती गिरणी?" काल विचारलं होतं. परवाही. टोमणे कळतात मला. ताट उचलून आत गेले.

शुक्रवार, १४ मार्च

तिसऱ्यांदा परत. उंची अमान्य.

खिडकीत बसून राहिले. डोक्यावरून एकामागून एक विमानं गेली. सगळी कुठे ना कुठे जातात.

सोमवार, १७ मार्च

रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

जिन्यात खालचे काका भेटले. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, टॉवरवर बाबांच्या हाताखाली आहेत, ड्रोनचे अर्ज तेच बघतात. मी हसले नाही. तेच म्हणाले, "अगं, तू अजून ऐंशीच का लिहितेस? त्या रकान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. आपलं गावच समुद्रसपाटीपासून पाचशे चाळीस मीटर उंचावर. तुझा ड्रोन जमिनीच्या पोटात उडतोय, आम्ही मान्य कसा करणार?"

अशी अक्कल पाजळली मी! ड्रोनचं यंत्र जिथून उडतं तिथे शून्य धरतं. आम्ही ड्रोनवाले पायाखालच्या जमिनीपासून मोजतो, विमानवाले समुद्रापासून. परीक्षेत शिकले होते. शहराबाहेरच्या अर्जांना कधी लागलं नाही, पार विसरले. पाचशे चाळीस अधिक ऐंशी, सहाशे वीस. झालं!

मी म्हटलं, "आधी नाही का सांगायचं, काका?"

"पहिला अर्ज आला तेव्हाच साहेबांना म्हटलं की. घरी सांगतो म्हणाले."

वर आले ती तडक बाबांसमोर. "तुम्हाला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!"

"काय?"

"माझी उंची चुकलीये ते. काकांनी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

इतका कोरा चेहरा! मी जन्मात पहिल्यांदा त्यांना म्हणाले — "खोटं बोलताय तुम्ही. मला इथेच कुजवायचंय तुम्हाला!"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तू गेलीस तर मला आवडणार नाही. पण मी कुणाचा अर्ज अडवत नाही." आणि उठून बाल्कनीत गेले.

मला त्यांचा तिरस्कार वाटतो. लिहिलं. खोडणार नाही.

बुधवार, १९ मार्च

चौथा अर्ज गेला. सहाशे वीस.

घरात अबोला. ताट वाढते, ठेवते, आत येते. आज त्यांनी दोनदा अंघोळ केली. करेनात का!

सोमवार, २४ मार्च

मिळाली! परवानगी मिळाली! गुरुवारी सकाळी. अट एकच — उडवण्याआधी टॉवरला फोन करायचा, ते उंची सांगतील, ती परत म्हणून दाखवायची, त्यांनी "बरोबर" म्हटलं की उड्डाण. मला शिकवायला नको!

इंजिनीअर खूश. "बॅग भरा," म्हणाले. भरली. खाटेखालून जुनी पुस्तकं काढली तर बाबा दारात उभे. "कुठे निघालीस?" अजून नाटक चालूच! मी बॅगेची चेन ओढली.

गुरुवार, २७ मार्च

गिरणीच्या आवारातून टॉवरला फोन लावला. बाबांनीच उचलला. ऑफिसचा आवाज, ठणठणीत. "जमिनीपासून सहाशे वीस मीटर."

मी सावकाश परत म्हटलं, "समुद्रापासून सहाशे वीस. जमिनीपासून ऐंशी."

"नाही. जमिनीपासून सहाशे वीस."

त्या उंचीवरून तिथे उतरणारी विमानं जातात. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मागून खालचे काका — जराही न दचकता, रोजचं असल्यासारखं — "साहेब, द्या इकडे, मी बघतो."

ड्रोन खोक्यात ठेवला. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. ना अर्ज, ना दूध, ना गिरणी.

काकांचा नंतर फोन. "रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेत गं. मी असतो शेजारी. कुणाला बोलू नकोस." मी ते परत म्हटलं नाही. इंजिनीअरांना कळवलं, दुसरा माणूस बघा.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना समोर बसवलं, दोन्ही हात धरले.

"बाबा, उद्यापासून टॉवरवर जायचं नाही. उद्या आपण दोघांनी तुमच्या वरच्या साहेबांना भेटायचं आणि सगळं सांगायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेक शब्द सांभाळून म्हणाले, "उद्यापासून टॉवरवर जायचं नाही. साहेबांना भेटायचं. सगळं सांगायचं."

"बरोबर," मी म्हटलं.