डावा स्पीकर, मुक्काम द्रोणागिरी

पनवेल,
रविवार, दुपार

रा. रा. जगनशेठ यांस,

जमालचा सलाम आणि रामराम, दोन्ही. (तुला आता सगळे शेठ म्हणतात असं कानावर आलं. जमीन गेली, द्रोणागिरीला बंगला आला, म्हणजे शेठ व्हावंच लागतं. शाळेत तुला काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही, कारण पाकीट भामावहिनी फोडतील.) तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे आणि नव्या गच्चीची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे ताहिरा पूर्ण खुशाल आहे. मी उजव्या बाजूने खुशाल आहे. डावी बाजू तुझ्याकडे आहे.

मोबाइल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. मोबाइलवर मी तुला तीन-चारदा लिहिलं. निळ्या खुणा झाल्या आणि तू गप्प बसलास. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू वाचूनही उत्तर दिलं नाहीस हे मला कळणार नाही, आणि सध्या मला तेवढंच सोसेल.

थोडं मागचं आठवून देतो, कारण बंगला झाला की माणसाला मागचं आठवत नाही असं मी पाहिलंय. बहारीनला आमच्या वर्कशॉपचा अमेरिकन साहेब नोकरी संपवून घरी निघाला तेव्हा त्याच्या बायकोने त्याला सांगितलं की विमानात एक तर मी बसेन नाहीतर तुझ्या रेकॉर्डी. साहेब बायकोला घाबरणारा होता (आपल्यासारखाच), म्हणून प्लेयर, अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि खोकीभर जॅझ माझ्या पदरात पडलं. लोक गल्फहून सोनं आणत, कंबल आणत. मी हे आणलं. सासऱ्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि तेव्हापासून माझ्याशी बेताचंच बोलू लागले. तू मात्र पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास की हे तर आपले हळदीतले बाजेवालेच, फक्त नवरदेव पळून गेलाय आणि ह्यांना कुणी सांगितलं नाही. जॅझबद्दल याहून शहाणं वाक्य मला पुढे कुठल्याही कव्हरमागे सापडलं नाही. मग दर रविवारी आपण बसायचो. डावीकडच्या खुर्चीत तू, उजवीकडे मी, मध्ये ताहिराने तळलेल्या मांदेलीची बशी. माझ्या हातात चहा आणि तुझ्या स्टीलच्या पेल्यात जे काय असायचं ते. ते काय आहे हे ताहिराला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती तो पेला वेगळा घासायची, वेगळा ठेवायची, पण ठेवायची.

मग डावा स्पीकर खरखरायला लागला. आत कागद फाटलाय, उरणला माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, असं म्हणून तू तो उचललास, गाडीच्या मागच्या सीटवर बसवलास आणि त्याला पट्टासुद्धा बांधलास. (वहिनींना तू कधी पट्टा बांधून दिल्याचं मी पाहिलेलं नाही.) येत्या रविवारी आणतो, म्हणालास. त्या रविवारी ताहिराने मांदेली तळली. पुढे तुझा फोन यायचा, की या रविवारी जमलं नाही, येत्या रविवारी आणतो. मग पुन्हा यायचा. इतक्या नेमाने तर आमच्या इमारतीत पाणीही येत नाही.

आता एका स्पीकरवर जॅझ ऐकणं म्हणजे काय, ते ऐक. आपल्या ह्या रेकॉर्डी स्टिरिओ नवीन होता त्या काळातल्या. रेकॉर्डिंगवाल्यांना दोन स्पीकरांचं इतकं कौतुक, की सॅक्सोफोन आणि ड्रम सगळे उजवीकडे, पियानो आणि बास सगळा डावीकडे, जुन्या लग्नात बायका एका मांडवात आणि पुरुष दुसऱ्या मांडवात असायचे तसं. दोन्ही बाजू एकत्र करायचं एक बटण अॅम्प्लिफायरला आहे, पण ते बहारीनच्या वाळूने बसलंय ते बसलंच. म्हणून मी आधी उजवी बाजू ऐकायचो, मग कपाटामागे हात घालून वायरी बदलायचो आणि तीच रेकॉर्ड डाव्या बाजूने ऐकायचो. आधी नुसता भात खावा आणि हात धुऊन मग नुसतं कालवण प्यावं, तसा प्रकार. पुढे कंबर धरली आणि मी कालवण सोडून दिलं.

अशा अवस्थेत तू मला त्या ग्रुपवर घेतलंस. खारघरचे सत्यजीतसाहेब त्याचे चालक, आणि रोज सकाळी त्यांचा एकच सवाल, ‘आज काय फिरतंय?’ मग प्रत्येकाने आपल्या रेकॉर्डीचं कव्हर, तबकडीचा फोटो आणि खाली दोन ओळी टाकायच्या. (मंडळी फोटोसाठी उजेड शोधण्यात एवढी दमतात, की पुढे सुई खाली उतरते की नाही याची मला शंका आहे.) मलाही हौस आली. मुंबईच्या एका फुटपाथवरून एक जुनी रेकॉर्ड मिळाली होती, मागचं कव्हर वाळवीने खाल्लेलं, त्यामुळे कोण काय वाजवतंय याचा पत्ता नाही. लावली. सॅक्सोफोन दोन शब्द बोलायचा आणि गप्प बसायचा. बराच वेळ नुसते ड्रम हलकेच कुजबुजत राहायचे. मग तो पुन्हा बोलायचा. जगन, मला भरून आलं. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं, की या माणसाने पियानो ठेवलाच नाही, केवढी ही हिंमत, या रिकाम्या जागा ऐका, मौनही वाजवता येतं. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. एकाने लिहिलं की ही रेकॉर्ड आपल्याकडे कित्येक वर्षं आहे, पण तिच्यातलं मौन आज पहिल्यांदा कळलं. सत्यजीतसाहेबांनी माझा मजकूर ग्रुपच्या माथ्यावर टाचून ठेवला.

संध्याकाळी ठाण्याच्या एका बाईंनी फार अदबीने विचारलं, की डावीकडे पियानो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजतोय, तो काका कोणत्या मौनात धरतात?

अर्धं ऐकायची इतकी सवय झाली होती, की डावी बाजू असते हेच मी विसरलो होतो. त्यानंतर जे हसणारे चेहरे आले ते अंगठ्याने वर ढकलता ढकलता माझा अंगठा दुखला. ज्याला सकाळी मौन कळलं होतं तो सगळ्यात जास्त हसला. ग्रुपवर आता माझं नाव मौनकाका आहे. त्यांचं मला काही वाटत नाही, ती परकी माणसं. पण त्या चेहऱ्यांत एक तुझा होता. बाकीच्यांना वाटलं म्हाताऱ्याचे कान गेले. पियानो कुठे गेलाय हे एकट्या तुला माहीत होतं. पियानो तुझ्या हॉलमध्ये होता. तू एक ओळ लिहिली असतीस, की त्याचा डावा स्पीकर माझ्याकडे आहे, तर मी सुटलो असतो. तू हसलास. मला ते लागलं, आणि अजून लागलेलं आहे.

पुढच्या रविवारी ग्रुपवर तुझ्या हॉलचे फोटो आले. सत्यजीतसाहेब आणि बाकी मंडळी तुझ्याकडे बसलेली, माणसाएवढे नवे स्पीकर, बर्फाचं भांडं, आणि मागे कोपऱ्यात माझा डावा स्पीकर. ताहिराच्या इस्त्रीचा डाग त्याच्या अंगावर आहे, मी कुठेही ओळखेन. दुरुस्त झाला की नाही अल्ला जाणे, पण त्याच्या डोक्यावर वहिनींचा मनी प्लांट आहे आणि तो जोमात आहे. मी फोन केला. स्पीकरचा विषयही काढला नाही. एवढंच विचारलं, की मला का नाही बोलावलंस? तू म्हणालास, “जमाल, तुला हितं बरा नाय वाटाचा. सगली पिनारी मानसा हायेत.”

इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या बायकोच्या हातची मांदेली खात, तू माझ्यासमोर पीत होतास. तेव्हा मला बरं वाटत होतं. मग आता बरं कुणाला वाटलं नसतं, मला की तुझ्या पाहुण्यांना? उत्तर नको आहे. मी विचारलं होतं, एवढं लक्षात ठेव.

तेव्हा माझं मागणं एकच. स्पीकरवरची कुंडी उतरव, माती पुसून घे, आणि ड्रायव्हरबरोबर पाठवून दे. तू यायची तसदी घेऊ नकोस. वहिनींना सलाम सांग. लोभाचं काय करायचं ते स्पीकर पोचल्यावर बघू.

तुझा (अजूनपर्यंत),
जमाल

ता. क. ताहिराने हे सगळं पाठीमागे उभं राहून वाचलं. ती म्हणते की इतक्या वर्षांत तिला अर्धाच गोंगाट ऐकावा लागला ते हेच दिवस, तेव्हा भाऊजींना म्हणावं उजवाही घेऊन जा. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तेल काढून ठेवलंय, तेही ड्रायव्हरकडे देईल.

पुन्हा ता. क. ताहिरा म्हणते, तेल ड्रायव्हरकडे देणार नाही.

आणखी एक. सिदरा कुवेतहून स्पीकरची नवी जोडी पाठवते म्हणत होती. लेकीला नको म्हणताना जीव खालीवर झाला, पण नको म्हटलं. इथे जोडी पुरी झाली, की तुझ्याकडे माझं काय राहिलं? स्पीकर राहू दे. कुंडीही राहू दे. त्या दिवसापासून तुझा फोन नाही. आधी करायचास तसा फोन कर, आणि येत्या रविवारी आणतो म्हण. आणलाच पाहिजे असं नाही.