दहा लाल खुंट्या आणि एक शब्द

"बाई, हा शब्द बदला. हा घराघरात बोलतात," असे पौलस गावित मला १९५८ साली म्हणाला होता. मी तो बदलला नाही. म्हणून या मृत्युपत्राची सुरुवात त्याच्या वाक्याने करते.

मी, वत्सलाबाई बन्सीलाल शिंपी, वय पंचेचाळीस, विधवा, टेलिफोन ऑपरेटर, राहणार वरसूद, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणी माझ्याकडून लिहवून घेत नाही. येत्या गुरुवारी मुंबईस माझ्या पोटातील गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. मीही मागितलेली नाही.

१. वरसूद येथील माझे दोन खोल्यांचे धाब्याचे घर नणंद दगूबाई हिला द्यावे. मी नोकरीस लागले त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "वैनी, बाईमाणूस परका माणूससंगे तारवर बोलस, हाई शोभस का?" हे मी बारा वर्षे मनात धरले. पण इन्फ्लुएंझाच्या वर्षी तिनेच मला पेज भरवली. पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकावी, हे तिला सांगायला नको, तरी सांगते.

२. पतीचे शिलाई मशीन रमिलाबाई, चुनीलाल पटेल यांची मुलगी, हिला द्यावे. ती घेणार नसेल तर तिच्या दारात ठेवून येऊ नये, परत आणावे. कारण कलम चारमध्ये आहे.

३. माझी निळी वही टेलिफोन ऑफिसात जो नवा मिस्त्री असेल त्याला द्यावी. आमच्या बोर्डावर पन्नास गिऱ्हाइके, दहा-दहांची एक पट्टी. पट्टी बिघडली की पूर्वी सबंध बोर्ड बंद करीत. एका पट्टीपायी बाकी चाळीस जणांची बोलणी तुटत. पौलस आमचा मिस्त्री. तो म्हणाला, "एका बैलाचा खूर दुखतो म्हणून सगळा बाजार का उठवायचा, बाई?" त्याने सागाच्या दहा खुंट्या कोरल्या आणि पोळ्यात बैलांच्या शिंगांना लावतात त्या लाल हिंगुळाने रंगवल्या. बोर्ड चालू ठेवूनच पट्टी बदलायची रीत आम्ही दोघांनी बसवली.

रीत अशी. बिघडलेल्या पट्टीच्या रिकाम्या भोकांत खुंट्या घालायच्या, म्हणजे तेथे नवा कॉल जात नाही. जेथे बोलणे चालू आहे तेथे ते संपेपर्यंत थांबायचे, मग तेथेही खुंटी. दहा खुंट्या बसल्या की ऑपरेटरने मोठ्याने इशारा द्यायचा. मिस्त्री बोर्डामागे असतो, त्याला पुढचे काही दिसत नाही. इशाऱ्याशिवाय त्याने हात लावायचा नाही. नवी पट्टी बसली की दहाही जणांना घंटी देऊन ऐकू येते का विचारायचे. जो उत्तर देईल त्याचीच खुंटी काढायची. तीन वर्षांत अकरा पट्ट्या बदलल्या, एकही बोलणे तुटले नाही.

इशाऱ्याचा शब्द मी ठरवला, 'मोकळी', म्हणजे पट्टी मोकळी झाली. पौलसचे म्हणणे होते, 'टेंबरू' म्हणा. "रानातलं फळ आहे. फोनवर त्याची चौकशी कोण करतंय?"

"सरकारी ऑफिसात मी टेंबरू म्हणून ओरडू?"

"ओरडा ना. निदान भूक तरी लागेल."

मी हसले आणि वहीत 'मोकळी' लिहिले. वही देताना तो शब्द खोडून द्यावा. जो शब्द लोक तारेवर बोलू शकतात तो इशारा होऊ शकत नाही.

४. १४ मार्च १९६१, दुपारी बारा. चौथी पट्टी बदलायची होती. नऊ खुंट्या बसल्या होत्या. उरलेल्या एका भोकात, सदतीस नंबरवर, चुनीलालभाई पटेल धुळ्याच्या दवाखान्याशी बोलत होते. रमिलाबाई बाळंतपणासाठी तेथे होती. ट्रंक लाइन खरखरत होती. अशा वेळी दोन्हीकडचे बोलणे मी मधून मोठ्याने सांगत असे. डॉक्टर म्हणत होते, पोट चिरावे लागेल, घरच्यांचा होकार हवा. चुनीलालभाईंना ते ऐकू गेले नाही. पोरगी बाळंत झाली का, एवढेच त्यांना हवे होते; ते ओरडले, "बाई, इचारा ना, पोर मोकळी व्हयनी का?"

मी ट्रंककडे तोंड करून ओरडले, "मोकळी झाली का, विचारतात!" आणि मग लगेच चुनीलालभाईंना होकाराचे विचारणार होते.

बोर्डामागे पौलसने पहिला शब्द ऐकला आणि पट्टी ओढली.

लाइन पुन्हा मिळून होकार पोचायला पन्नास मिनिटे गेली. रमिलाबाई वाचली. मूल गेले. त्या पन्नास मिनिटांनी गेले का, हे डॉक्टरांना सांगता आले नाही. मलाही सहा वर्षांत सांगता आलेले नाही.

चौकशीत साहेबांनी विचारले, "पट्टी काढायला तुम्ही सांगितलेत?" मी म्हणाले, "नाही." हे खरे होते. मग विचारले, "पण मोकळी हा शब्द उच्चारलात?" मी म्हणाले, "नाही." पौलसने माझ्याकडे पाहिले, खिशातला पेचकस काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला. त्याची नोकरी गेली. तेव्हापासून पट्टीसाठी सबंध बोर्ड बंद करतात.

तर येथे लिहून देते: शब्द मी उच्चारला. शब्द मीच ठरवला होता, आणि पौलसने आधी सावध केले होते. त्याने रीत मोडली नाही. ही कबुली माझ्या मरणाची वाट पाहणार नाही; नक्कल आजच रजिस्टर पोस्टाने चौकशी ऑफिसात गेली आहे. माझी नोकरी जाईल तर जाऊ द्या.

५. दहा खुंट्या पौलसच्या आहेत, त्या त्याला परत द्याव्यात. दोन वर्षांपूर्वी मी त्या घेऊन नवापूरकडे त्याच्या पाड्यावर गेले होते. त्याची बायको मार्था हिने पाणी दिले. तो परसात खाट विणत होता. मी सगळे कबूल केले. त्याने हातातली दोरी सोडली नाही. "'नाही' ऑफिसात म्हणालात, बाई. 'हो' माझ्या परसात म्हणता?" खुंट्या परत घेऊन आले. आता निदान 'हो' कागदावर आहे.

६. व्यवस्था नवलसिंग मास्तरांनी पाहावी. मसुदा वाचून ते म्हणाले, "वत्सलाबाई, चौथं कलम काढा. मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात." मास्तर, याहून जड माझ्याकडे दुसरे काही नाही.

वत्सलाबाई बन्सीलाल शिंपी (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
नवलसिंग गिरासे, शिक्षक (सही)
सुकलाल वाणी, निवृत्त पोस्टमन (सही)

नंदुरबार, जिल्हा धुळे. शनिवार, ११ नोव्हेंबर १९६७

सहीखालची ही ओळ कायद्यात धरत नाहीत, म्हणून येथे लिहिते. पौलस, याची नक्कल तुलाही पाठवते आहे; माझी मुंबईकडची गाडी बुधवारी सकाळी नवापूर स्टेशनवर थांबेल. खिडकीशी ये आणि मला एकदा 'मोकळी' म्हण. तो शब्द तोंडात येत नसेल तर टेंबरू म्हण, मला कळेल. तू येणार नाहीस, हे जाणून विचारते आहे.