पाय टाकू नका

साखरा,
ता. ४ डिसेंबर १९७४

फुलसिंगकाकांना नरसिंगचा रामराम.

तुमी डोंगरकड्याला लेकीकडं बराबर पोचले, हे देवलाकडून कळलं. तांड्यावर ठीक हाय. तुमची शेळी व्याली, दोन करडं दिली. डोंगरावरलं गवत निम्मं कापून झालं, पण यंदा बाया भारे डोक्यावर आणून राहिल्या. घसरीवरून भारे खाली कोणी सोडत न्हाई. झाडांमधली ती वाट तुमी वीस वर्षं राखली, तिच्यावर आता पानं साचली.

हैदराबादची शाळा सोडून आलो तेव्हा पोत्यावर बसून तिच्यावरून घसरलो होतो. तोंडात माती, अन् हसू थांबेना. तवापासून घसरीचं येडच लागलं. तुमी कोयता दिला, कायदा सांगितला. मोठं झाड तोडायचं न्हाई. झुडूप बसून कापायचं, खुंट मातीबराबर करायचा. अन् संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या घरापुढं ओरडून सांगायचं, "इथून तिथपर्यंत मी कापलं, पाय टाका."

मी उभ्यानंच कापाय लागलो तर तुमी म्हणले, "काहून रे, इंग्रजी शाळेत वाकायला शिकवत न्हाईत व्हय?" सगळे हसले. मीबी.

जिवनबाईचं पाऊल वाचलं. टाच अजून टेकत न्हाई. भाऱ्यामागं पळताना गवतातला तिरपा खुंट आरपार गेला, तेव्हा तिचा नवरा देवला तुमाला म्हणला, "काका, डोळे गेले तुमचे. कोयता ठेवा अन् शेळ्या राखा."  तुमी आपला कोयता माझ्या हातात दिला. माझ्याच.

काका, त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमी लग्नाला गेले होते. घसर रुंद करून ठेवावी, दोन भारे संगं सुटतील, तुमी आले की एकदम दाखवावी, असं मनात होतं. म्हणून कोणाला सांगितलं न्हाई. उभ्यानं कापलं, घाईत.

तुमचे डोळे गेले न्हाईत.

काल जिवनबाईला सांगितलं. तिनं दुखरं पाऊल जवळ ओढलं. मग म्हणली, "मला काय सांगतो? ज्याचा कोयता गेला त्याला सांग."

आज बसून अकरा खुंट मातीबराबर केले. कोयता तुमच्या दारात टांगला हाय. हे पत्र जावयाकडून मोठ्यानं वाचून घ्या. मी संध्याकाळी नायकाच्या घरापुढं हेच ओरडणार हाय:

मोहाच्या झाडापासून जोडदगडापर्यंत मी कापलं. पाय टाकू नका. फुलसिंगकाका येऊन खुंटावरून हात फिरवतील, तेव्हाच टाका.

उभ्यानं कापणारा,
नरसिंग